पेडल कार रेस: रेसला तीन स्टार, तपासणीला पाच

पेडल कार बनवायला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घेऊ नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा. आम्ही इतवारीतल्या लोहा ओळीतून मोठ्या हौसेने एक इंची जीआय पाइप आणला, का तर गंजणार नाही म्हणून, आणि त्याच पाइपने रेसच्या आदल्या संध्याकाळी चारचौघात आमची इज्जत काढली.

तर ही रेस दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटमध्ये जानेवारीत झाली. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर पण आहे आणि ती माणसं रोज भाजी घेताना भेटतात. रेस पेडलचीच, मोटर नाही, बॅटरी नाही, उतार पण नाही. बरेच लोक मला विचारत होते की ती मुंबईला रेड बुलची होते तशी का, तर नाही, ती सोपबॉक्स, म्हणजे पेडल-इंजिन काही नसलेली गाडी, ती उतारावरून सोडतात आणि तिथे ढकलणारे असतात. इथे सपाट डांबरी रस्त्याचा चौकोन, चार वळणं, आणि पोट्ट्यांचे पाय. ढकलणं तर दूरच, बापाने गाडीला हात लावला तरी एक राउंड कापतात, हे आधीच लिहून दिलेलं.

प्रवेश फी ५०० रुपये, वर डिपॉझिट ५०० रुपये. गट तीन, ८ ते ११, १२ ते १५ आणि १६ च्या वर. एका टीममध्ये तीन किंवा चार जण, एकट्याने भाग घेता येत नाही, आणि टीममधल्या प्रत्येकाने गाडी चालवलीच पाहिजे. अट मला आवडली, नाही तर काय होते की एक दांडगा पोट्टा चालवते आणि बाकीचे फोटोपुरते. आमच्या टीममध्ये माझा पोरगा (तेरा वर्षांचा), त्याचा एक वर्गमित्र, आणि समोरच्या बिल्डिंगमधली एक पोरगी, जी या दोघा पोरांपेक्षाही चांगली चालवायची, हे पोरगा अजून कबूल करत नाही. फॉर्मसोबत द्यायचं ते आईवडिलांच्या सहीचं पत्र, जन्मतारखेचा पुरावा, रक्तगट, आणि गाडीच्या सामानाची बिलं. बिलं यासाठी की खर्चाची मर्यादा ८,००० रुपये. हे पण बरोबर, नाही तर कोणी तरी हिंगण्याच्या एमआयडीसीतून अॅल्युमिनियमची फ्रेम बनवून आणणार आणि बाकीचे बघत बसणार. भंगारातून काढलेलं सामान फुकटात धरलं होतं. त्यामुळे महिनाभर आमच्या गल्लीत कोणाची जुनी सायकल गेटबाहेर टिकली नाही.

आता नियम. अकरा पानं, आणि ती अकरा पानं व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवलेली, सहावं पान उलटं, नववं अंधारात काढलेलं. ही पहिली कुरकुर. अरे बाबा पीडीएफ टाका ना. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बायकोला म्हटलं, हे काय पोरांची रेस करून राहिले का विमान उडवून राहिले. साखळी झाका, पाइपची तोंडं बंद करा, बोल्टचं टोक नटाच्या बाहेर जास्त नको, नट नायलॉकचेच (आत नायलॉनची रिंग असलेले, आपोआप सैल न होणारे) हवे, दोन वेगळे ब्रेक, हेल्मेट सायकलचं, बूट बंद, नाडे मोज्यात, ओढणी नको, दहा सेकंदांत स्वतःहून बाहेर पडता आलं पाहिजे. आपण ज्या गावात हेल्मेट आरशाला लटकवून फिरतो तिथे कोणी एवढं लिहिते तर हसू येणारच. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने पानं पाहिली आणि म्हणाला मामा, हे कोणीतरी माहितीचं लिहिलंय. त्यांच्या कॉलेजची टीम एएसएमई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या पेडल गाड्यांच्या स्पर्धेची तयारी करायची, तिथे तर गाडी ताशी २५ किमीवरून ६ मीटरच्या आत थांबली पाहिजे, ८ मीटर त्रिज्येत वळली पाहिजे, आणि डोक्यावरच्या रोल बारवर (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप) २,६७० न्यूटन म्हणजे पावणेतीन क्विंटलच्या आसपास भार टाकून बघतात. ऑस्ट्रेलियात मरे ब्रिजला तर शाळेतली पोरं पेडलच्या गाड्या २४ तास चालवतात, म्हणजे रात्रभर, टीममधले आळीपाळीने. त्यापुढे आमची अकरा पानं म्हणजे काहीच नाही म्हणे. बरं बाबा.

तपासणी शनिवारी चार वाजता, शाळेच्या पटांगणात. सोळा गाड्या. एकीला पोळ्याच्या बैलासारखी झूल, शिंगं, गोंडे सगळं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांना चाकं लावून ओढत नेणारं हे गाव, आपल्याकडे चाकावर काही ठेवलं की आधी सजावट करणारच. पण इथे सजावटीला फक्त पाच गुण होते आणि झुलीचा गोंडा चाकात जाते म्हणून तो तिथेच कापायला लावला. ते पोट्टं रडलं. मला वाईट वाटलं, पण गोंडा खरंच स्पोकपासून चार बोटांवर होता.

पहिल्या टेबलावर एक काकू शेवग्याच्या शेंगा घेऊन बसलेल्या. मला वाटलं घरची भाजी निवडून राहिल्या. तर नाही, ती साखळीची टेस्ट. गाडी उचलून मागचं चाक मोकळं करायचं, एकाने पेडल फिरवायचं, आणि काकू शेंग घेऊन साखळीच्या कव्हरला जिथे जिथे फट दिसेल तिथे आत घालणार. शेंग साधारण लहान पोराच्या बोटाएवढी जाड. आमच्या कव्हरला खालून एक फट होती, आमच्या लक्षातही आली नव्हती, शेंग आत गेली आणि कर्रकन आवाज येऊन अर्धी बाहेर आली, दोऱ्या दोऱ्या झालेली. पोरगी, जी टीममध्ये सगळ्यात धीट, तिने लगेच हात मागे घेतला. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त उरलेली अर्धी शेंग आमच्या टेबलावर ठेवून दिली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ती फट वीस मिनिटांत बंद केली आम्ही. त्या अकरा पानांनी जे केलं नव्हतं ते त्या एका शेंगेने केलं.

दुसरं टेबल हेल्मेटचं. आम्ही स्कुटीचं अर्धं हेल्मेट नेलं होतं, परत केलं. मी वाद घातला की आयएसआय आहे, बघा मागे आयएस ४१५१ लिहिलंय, तर त्या पोराने (कॉलेजचा असेल) शांतपणे सांगितलं की काका हे गाडीचं आहे, जड आहे, हवा जात नाही, अर्ध्या तासात पोट्टं आत शिजते आणि पट्टा सैल करते, मग ते असून नसून सारखं. सायकलचं घ्या, आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी (सायकल हेल्मेटचे युरोपचे आणि अमेरिकेचे मार्क) लिहिलेलं बघून. त्याचं बघणं पण बरोबर होतं: पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा, आणि मान जोरात हलवली तर हेल्मेट भुवयांवर यायला नको. मी धावत बर्डीला जाऊन दोन घेतले, दुकानदाराने आधी खेळण्यातलं दाखवलं, वजनाला पापडासारखं, आत काहीच लिहिलेलं नाही. फसू नका.

आता मुख्य माणूस. तिसऱ्या टेबलावर अजनीच्या रेल्वे लोको शेडमधून (इंजिनं दुरुस्त करतात तिथून) रिटायर झालेले एक काका. हातात छोटी हातोडी, बाजूला रॉकेलची बाटली, खडूची भुकटी आणि एक फडकं. त्यांनी आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, प्रत्येक जोडावर हातोडी टक टक, कान वाकडा करून. मागचे सगळे जोड झाले. पुढचं डावं चाक ज्या दांडीवर बसतं, तिथे आवाज थोडा थडथड आला. मला तर फरक कळला नाही. मी म्हटलं काका ठीक आहे ना. तर म्हणाले, “थांबा ना भाऊ, घाई काऊन करून राहिले. लोखंड बोलते, आपण आयकावं लागते.” मग त्यांनी जोडावर रॉकेल लावलं, पाच मिनिटं थांबले, तोवर पोट्ट्यांना शाळेचं विचारलं, मग फडक्याने खडखडीत कोरडं पुसलं, आणि वरून खडूची भुकटी चोळली. पांढरं शुभ्र. आम्ही सगळे वाकून बघून राहिलो. काहीच नाही. दोनेक मिनिटांनी त्या पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटली, केसाएवढी, जोडाच्या बरोबर कडेने, नखाएवढी लांब. भेगेत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येऊन खडूत चढते, बस. मशीन नाही, कॉम्प्युटर नाही. “पोट्टं बसणार हाय ना याच्यावर?” एवढंच विचारलं त्यांनी. मी गप्प.

नंतर त्यांनीच समजावलं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्त. वेल्डिंगच्या आचेने जस्त आधी उकळते, त्याची वाफ जोडात अडकते, जोड आतून इडलीसारखा होते, वरून दिसते मात्र चकचकीत. वर तो पांढरा धूर नाकात गेला तर वेल्डरलाच रात्री ताप भरते. करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी जस्त घासून काढावं लागतं, नाही तर सरळ काळा (जस्त नसलेला) पाइप घ्यायचा, १६ गेजचा, आणि वरून रंग मारायचा. आमच्या वेल्डरला (नाव नाही सांगत, दुकान पण नाही) मी तेव्हा विचारलं होतं की जीआयला चालते ना, तर म्हणाला “होऊन जाते भाऊ”. या तीन शब्दांवर मी तीन पोरांचे पाय ठेवले होते. पैसे मात्र पूर्ण घेतले त्याने, ७५० रुपये.

त्या रात्री नऊ वाजता दुसऱ्या एका वर्कशॉपवाल्याने शटर परत उघडून ती दांडी काढली, काळ्या पाइपची नवीन लावली, आणि चाकाची अॅक्सल पण बदलून दिली. ही अॅक्सलची गोष्ट पण नियमात होती, आम्ही वाचून सोडून दिलेली: सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेलं असतं म्हणून बारीक अॅक्सल चालते, पेडल कारमध्ये तेच चाक एकाच बाजूने धरायचं असतं, मग बारीक अॅक्सल वाकते. व्हीलचेअरची चाकं त्यासाठीच बरी, १२ मिलिमीटरची अॅक्सल असते. आणि चाक मोठं नको. सायकल वळताना कलते म्हणून चाकावर आडवा जोर येत नाही, चारचाकी कलत नाही, सगळा जोर आडवा, २६ इंची चाक पापडासारखं वाकते. २० इंची घ्या. रांगेत आमच्या पुढे असलेल्या टीमचं २६ इंचीचं चाक प्रॅक्टिसमध्येच आठ आकड्यासारखं झालं.

ब्रेकची टेस्ट मला सगळ्यात हुशारीची वाटली. स्पीड मोजायला गन कुठून आणणार, तर त्यांनी १० मीटरवर दोन रेघा मारल्या आणि स्टॉपवॉच. १० मीटर २.४ सेकंदांत म्हणजे ताशी १५, त्यापेक्षा हळू आला तर परत जा. दुसऱ्या रेघेवर ब्रेक, आणि ३ मीटरमध्ये उभी. मग रिमवर बादलीभर पाणी ओतून परत एकदा, कारण रिमचा ब्रेक ओला झाला की सुरुवातीला धरतच नाही. आमची कोरडी २ मीटर ४० ला थांबली, ओली ३ मीटर ३० ला, फेल. रबर बदलले, मग २ मीटर ९०. आमचे दोन्ही मागचे ब्रेक एकाच लिव्हरवर होते ते पण वेगळे करायला लावले, एक केबल तुटली तरी दुसरी राहिली पाहिजे. एका बाबांनी विचारलं की स्पीड थोडा वाढला तर काय फरक पडते. पडते भाऊ, १५ चे ३० झाले तर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट.

आणि उलटण्याचं. नियम असा की चाकांमधली रुंदी कमीत कमी ९० सेंटिमीटर, सीट गुडघ्याच्या खाली, आणि तीन चाकं असतील तर दोन पुढे, एक मागे. पुढे एक चाक असलेल्या ऑटोसारख्या गाड्या चालणार नाहीत, कारण वळताना ब्रेक मारला की सगळं वजन त्या एका चाकाच्या कोपऱ्याकडे जाते, आपल्या ऑटोवाल्यांना विचारा. रुंदीवरून मी वैतागलो होतो कारण गेटमधून गाडी निघेना. मग भाच्याने हिशोब करून दाखवला: रुंदी ७० आणि वजनाचा मध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १८ लाच आतलं चाक उचलते, आणि १८ तर आमचा पोरगा आरामात मारते. रुंदी ९० आणि उंची ४० केली की तेच २४ वर जाते. मी गेटचा एक पल्ला काढून ठेवला.

एका गोष्टीवर मात्र तिथे भांडण झालं. एका बाबांनी जुन्या मारुतीचा सीट बेल्ट लावून आणला होता, अभिमानाने. तपासणीवाल्यांनी काढायला लावला. ते चिडले, म्हणे तुम्ही सेफ्टी सेफ्टी करून राहिले आणि बेल्टच काढता. पण नियमात होतं, रोल बार असेल तर बेल्ट हवाच, रोल बार नसेल तर बेल्ट नकोच. कारण डोक्यावर पाइप नसताना गाडी उलटली आणि पोट्टं बेल्टने बांधलेलं असलं तर गाडीचं सगळं वजन त्याच्या मानेवर. रेसिंगच्या गो कार्टमध्ये पण म्हणूनच बेल्ट नसते. त्या बाबांना पटलं नाही, ते फॉर्म फाडून निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले, बेल्ट डिक्कीत टाकून, फॉर्म सेलोटेपने चिकटवून.

आता रेस. रेसला तीनच स्टार देतो कारण शनिवारी जेवढी शिस्त तेवढी रविवारी ढिलाई. सकाळी साडेसातला सुरू होणार होती, थंडी मस्त, लोक मफलर गुंडाळून तर्री पोहे खाऊन राहिले, आणि सुरू झाली सव्वानऊला कारण पाहुणे यायचे होते. वळणांवर जुने टायर आणि तनसाचे गठ्ठे बरोबर लावलेले, पण तिसऱ्या वळणावर गठ्ठ्यांच्या पुढे उभं राहून लोक व्हिडिओ काढत होते आणि झेंडेवाला पोट्टा स्वतः पण काढत होता. पिवळा झेंडा म्हणजे हळू, लाल म्हणजे थांबा, हे अकरा पानांत आहे पण रेसच्या आधी पोरांना कोणी तोंडी सांगितलंच नाही, मग ८ ते ११ च्या गटात पिवळा दाखवला की ते टाटा करत जात होते. दुसऱ्या हीटला नऊ गाड्या एका रेघेत उभ्या करून एकदम सोडल्या, पहिल्या वळणावर चार एकात एक. लागलं कोणाला नाही, एकाचं कोपर खरचटलं. गाड्या दहा दहा सेकंदांनी सोडायच्या असं पान आठवर स्वतःच लिहिलंय त्यांनी. आणि चालक बदलताना गाडी पूर्ण थांबून हँडब्रेक लावूनच बदलायचा, हा नियम आमच्याशिवाय कोणी पाळलाच नाही, त्यात आमचे बारा सेकंद गेले. पोरगा अजून तेच बोलून राहिला.

अॅम्ब्युलन्स होती, डॉक्टर होते, प्यायचं पाणी भरपूर होतं, सावलीला मंडप होता. जानेवारीत केलं हे पण बरं, याच गावात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता, कोणीतरी उन्हाळी सुट्टीत घ्या म्हणत होतं, त्याला कृपया अध्यक्ष करू नका.

आम्ही आमच्या गटातल्या अकरा टीममध्ये पाचवे. नवीन दांडीचा जोड शेवटच्या राउंडपर्यंत हलला नाही. रेस संपल्यावर काका स्वतः चालत आले, वाकले, हातोडीने एकदा टक केलं, मान हलवली आणि पोहे खायला गेले.

डिपॉझिट परत यायला सतरा दिवस लागले, तीन वेळा फोन करावा लागला. ५०० मधले ४५० आले. ५० रुपये नंबर प्लेट परत न दिल्याचे कापले. प्लेट पोराने खोलीच्या दाराला खिळ्याने ठोकली आहे, देणार नाही म्हणते.